महिनाभराची मुदत

रविवार, ९ नोव्हेंबर

आवेजने आज चहा पिताना सांगितलं, की इद्दत संपली की अम्मी कायमच्या आपल्याकडे येणार. अब्बांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन तीन महिने झाले. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घरातच राहायचं असतं, ते अम्मी मालेगावला माझे मोठे दीर अल्तमशभाई यांच्याकडे पाळताहेत. तेरा डिसेंबरपर्यंत ते पूर्ण होईल आणि चौदाला, रविवारी, आवेज त्यांना घेऊन येईल. "झेबाला आता त्याच सांभाळणार म्हणतात. मालनबाईंना सांगून टाक तू," एवढं बोलून त्याने बिस्कीट चहात बुडवलं.

मी विचारलं, "अम्मींना जमेल का? तीन वर्षांची पोर म्हणजे दिवसभर पळापळ असते." तर म्हणाला, "त्यांनीच म्हटलंय. आणि इद्दतीत बसलेल्या बाईला असले व्यवहाराचे प्रश्न विचारतात का?" तेही खरंच. शिवाय सासूने नातीला सांभाळायची इच्छा धरावी आणि सुनेने नको म्हणावं, हे कुणाच्याच घरात शोभत नाही. मी गप्प बसले. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मालनबाई झेबा चार महिन्यांची असल्यापासून आमच्याकडे आहेत. सकाळी साडेसहाला सिन्नर फाट्याहून येतात, कारण सातला मला लॅबमध्ये उभं राहावं लागतं. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं पाच मिनिटांचा उशीरही सहन करत नाहीत. आवेजची सिन्नरच्या कंपनीत शिफ्ट बदलत राहते, त्याचा काही भरवसा नाही. म्हणजे आमचं घर इतके दिवस मालनबाईंच्या जिवावरच चाललंय.

पण एक ठरवलंय. सांगायचं तर नीट सांगायचं. झेबा पोटात असताना, सहाव्या महिन्यात, आधीच्या लॅबने मला फोनवरून काढलं होतं. "उद्यापासून येऊ नका." माझा डबा आणि ॲप्रन तिथेच राहिला. मी तशी वागणार नाही. पूर्ण महिना आधी सांगेन, वर एक पगार देईन, दुसरं चांगलं काम बघून देईन. बघू.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

काल सांगणार होते. मालनबाई दारातच म्हणाल्या, "ताई, झेबाला खोकला झालाय, थंड पानी देऊ नका," आणि माझं तोंड बंद झालं. आज सांगणार होते, तर आज त्यांनी येताना तिच्यासाठी बोरं आणली. रोज शंभर माणसांच्या दंडात सुई घालते मी, हात जराही थरथरत नाही. आणि हे एक वाक्य निघत नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सांगितलं. आज नाही तर महिना पुरा भरणार नाही, म्हणून सांगावंच लागलं.

त्या मेथी निवडत होत्या. मी सगळं एका दमात बोलले. अम्मी येणार, तेरा डिसेंबर शेवटचा दिवस, एक पगार जास्त, दुसरं घर मी शोधून देते, तुमच्यात काही कमी नव्हतं. त्यांनी निवडायची काडी तशीच हातात धरून ऐकलं आणि "बरं," म्हणाल्या.

मला वाटलं होतं काहीतरी बोलतील, रागावतील. तीन वर्षांच्या कामावर फक्त एक "बरं". मग भाजी धुवायला उठल्या आणि मोरीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, "एक सांगू का ताई? झेबाला तुमी काय सांगू नका. ते माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

मी लगेच हो म्हटलं. एवढंच मागितलं त्यांनी. मला तर हलकं वाटलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

अम्मींचा फोन आला होता. (त्या उर्दूत बोलतात. माझी शाळा सगळी मराठीत झाली, मला उर्दू लिहिता येत नाही, तेव्हा त्यांचं बोलणं या वहीत मराठीतच.) झेबाबद्दल किती चौकशी. कडेवर घ्यायला सांगते का, वजन किती, दुपारी किती वेळ झोपते, तुमच्या इमारतीला जिने किती, लिफ्ट रोज चालू असते का. नातीला उचलून घ्यायची फार घाई झालेली दिसते त्यांना.

फोन ठेवताना म्हणाल्या, "आवेज सगळं सांगतो हो मला. तुझी किती ओढाताण होते ते." हा टोमणा होता की काय, कळलं नाही. दिवसभर डोक्यात तेच.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

नोटीस दिली की माणसं ढिली पडतात म्हणतात, ते खरं आहे. मालनबाई आता झेबाला भरवत नाहीत. ताट पुढ्यात ठेवतात आणि गॅलरीत जाऊन बसतात. आज मी लवकर घरी आले तर पोरीने निम्मा भात जमिनीवर सांडलेला, वरण केसांत. "मावशी भरीव ना," म्हणून हाका मारतेय आणि या बाई गॅलरीतून म्हणतात, "तुला दोन हात हायेत ना? का मांजरानं नेले?"

मी झेबाचे केस धुतले. बावीस दिवस राहिलेत. उगाच वाईटपणा कशाला घ्या.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आता आंघोळही बंद. म्हणाल्या, "दादा घरी हायेत ना आज, त्यांना घालू द्या." आवेज रात्रपाळी करून आलेला, डोळे उघडत नव्हते, तरी घातली बिचाऱ्याने. झेबा आधी रडली, मग बापाच्या अंगावर पाणी उडवायला मिळतंय म्हटल्यावर खूश. बाई बाहेर टॉवेल घेऊन उभ्या. मी आवेजला म्हटलं, बघितलंस ना, आपण त्यांना महिना दिला आणि त्या असं करतात. तो म्हणाला, जाऊ दे, थोडे दिवस राहिलेत.

शनिवार, २९ नोव्हेंबर

दुसरं काम मिळालं त्यांना, आणि मी मिळवून दिलं. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं. बी विंगमधली वेदिका आली, तिचं बाळ पाच महिन्यांचं आहे, पंधरा डिसेंबरला तिची रजा संपते. मी मालनबाईंचं भरभरून कौतुक केलं. अलीकडच्या ढिलाईबद्दल एक शब्द काढला नाही. वेदिका जाताना म्हणाली, "तुमच्यासारखं इतकं रीतसर कोण करतं हो?" मनातल्या मनात मी अगदी फुलून गेले, खोटं कशाला सांगू.

मालनबाईंना सांगितलं तर पुन्हा "बरं." मग विचारलं, "ह्याच आवारात का ताई? दुसरीकडं नव्हतं का?" म्हटलं, तुम्हाला जवळ पडेल, रस्ता सवयीचा. त्या मान हलवून कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या. माणसाला कितीही करा, कमीच.

बुधवार, ३ डिसेंबर

आज मात्र मी बोललेच. दुपारी घरी आले तर झेबा गादीवर एकटी हमसून हमसून रडतेय आणि मालनबाई दाराबाहेर, पायरीवर बसून मटार सोलताहेत. रोज मांडीवर घेऊन थोपटायच्या, ते सोडलं. मी म्हटलं, "मालनबाई, काम सोडायचंय म्हणून पोरीला रडवायचं का? मी तुमच्याशी कुठे वाईट वागले?"

त्यांनी वर बघितलं नाही. "अजून धा दिस हायेत ताई," एवढंच म्हणाल्या. नंतर बघितलं, मटारांपेक्षा सालं जास्त होती भांड्यात. बरेच दाणे खाली पडलेले. कामात लक्ष नाही ते हे असं.

मंगळवार, ९ डिसेंबर

झेबा आज आपण होऊन झोपली. उशी कवटाळून, स्वतःच काहीतरी पुटपुटत. केवढी मोठी झाली माझी लेक. अम्मींना काही त्रास होणार नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

मालनबाई गेल्या. मी साडी आणली होती, पगार, जास्तीचा पगार आणि एक शिफारसपत्र टाइप करून, सही करून दिलं. पत्र त्यांनी पदराच्या आत ठेवलं. मला भीती होती झेबा आकांत करेल म्हणून. तर त्या दारातून म्हणाल्या, "झेबा, जाते गं," आणि ही ठोकळ्यांचा मनोरा रचताना वरही न बघता म्हणाली, "जा मावशी."

त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, पापा घेतला नाही. तीन वर्षं सांभाळलेली पोर. मला राग आला आणि रडूही आलं. गॅलरीतून बघितलं तर त्या खाली वॉचमन देवराम यांच्या खुर्चीवर बसल्या होत्या. देवराम पाण्याची बाटली घेऊन बाजूला उभे. बराच वेळ बसल्या. गुडघे दुखत असतील, लिफ्ट बंद होती आज.

रविवार, १४ डिसेंबर

अम्मी आल्या. दोन बॅगा, एक गोधडी, नमाजाची चटई, म्हणजे जानमाज, आणि अब्बांचं घड्याळ. छोटी खोली त्यांना दिली. आवेज सांगत होता, मालेगावची त्यांची खोली अल्तमशभाईंनी लगेच रंगवायला काढली, त्यांच्या मुलाचं लग्न आहे. चहाचा कप अम्मी दोन्ही हातांनी धरतात. प्रवासात थंडी भरली असेल.

शुक्रवार, १९ डिसेंबर

दोघींची भाषा जमत नाही. झेबा बोलते मालनबाईंसारखं, "मला नाय खायाचं, लय तिखट हाय." अम्मी माझ्याकडे बघतात, मी उर्दूत सांगते. मी घरी नसताना काय होत असेल कोण जाणे. आज अम्मींनी दूध समजून ताकाचं पातेलं गॅसवर ठेवलं. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हटलं. त्या म्हणाल्या, "हां, नंबरच."

साखर तपासायला त्यांचं रक्त घेतलं. हात इतका थरथरत होता की मला शीर धरून ठेवावी लागली. हे थंडीचं नाही, हे मला कळतं. नळीवर त्यांचं नाव लिहिलं आणि ती बाजूला ठेवली.

सोमवार, २९ डिसेंबर

आज जे झालं ते आधी लिहून टाकते.

सव्वानऊला देवरामांचा फोन आला. "ताई, तुमची पोरगी एकटीच खाली आली. गेटाभाईर मांजरामागं चालली व्हती, ट्रक यायला लागला व्हता. मी धरून ठिवलीय, तुमी या." लॅबमधून मी तशीच पळाले, हातमोज्यांसकट. झेबा देवरामांच्या मांडीवर बसून त्यांच्या शिट्टीशी खेळत होती. अम्मी दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेल्या, एका पायात चप्पल. दाराची कडी लागली की नाही ते त्यांना दिसलं नव्हतं. जिना उतरताना पुढची पायरी दिसेना, म्हणून तिथेच बसून हाका मारत राहिल्या.

मी त्यांना वर आणलं. पाणी दिलं. रागावणार होते. त्याच म्हणाल्या, "बेटी, मी आवेजला सांगितलं होतं. मला आता नीट दिसत नाही, हात चालत नाही, लहान लेकरू मला नको. पण तो म्हणाला, तरन्नुम तुम्हाला रडून बोलावतेय, बाईच्या हाती पोर ठेवायला तिचा जीव होत नाही. तिचं मन मोडू नका. म्हणून आले मी."

मी कधी रडले? मी कधी बोलावलं?

संध्याकाळी आवेजला विचारलं. आधी मोबाइल बघत राहिला. मग म्हणाला, "अल्तमशभाईंना खोली हवी होती. तुला तसं सांगितलं असतं तर वाटलं असतं, अम्मींना आपल्या गळ्यात घातलं. अम्मींना सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, आपण कुणालाच नको झालो. दोघींनाही बरं वाटावं म्हणून बोललो मी."

"आणि मालनबाई?"

"त्यांना तर तू नीटच सोडलंस की."

त्याच्यावर ओरडावं असं फार वाटलं. पण त्याने वाईट हेतूने केलेलं नाही, हे दिसत होतं. इथे कुणीच वाईट हेतूने काही केलेलं नाही. मग भांडायचं कुणाशी?

शनिवार, ३ जानेवारी

पाच दिवस रजा झाली. लॅबचे डॉक्टर सांगून मोकळे झालेत, सोमवारपासून या किंवा स्पष्ट सांगा. पाळणाघर सकाळी नऊला उघडतं. माझी नोकरी गेली तर या घराचा हप्ता एकट्या आवेजच्या पगारात बसत नाही. पुढच्या आठवड्यापुरती आवेजने शिफ्ट बदलून घेतली आहे. पुढे काय, ते दोघांनाही माहीत नाही.

मंगळवार, ६ जानेवारी

मालनबाईंना भेटले. पाच वाजता बी विंगच्या दाराशी थांबले, त्या उतरल्या तसं सगळं सांगितलं. परत या म्हटलं. पगार वाढवते म्हटलं. माझ्याच्याने विनवणी होत नाही एरवी, आज झाली.

"वेदिकाताईंना शब्द दिलाय," म्हणाल्या.

"त्यांना महिन्याची मुदत द्या ना. मी थांबते. कसंही करून काढते महिना."

त्या बाकावर बसल्या. मला बसायला सांगितलं. "ताई, तुमाला वाटलं का, मी त्या महिन्यात कामचुकारपना केला?"

मी बाकावरची धूळ झटकली.

"पयल्या हप्त्यात माझ्या हातचा घास सोडवला. मंग आंघूळ. मंग झोप. एकदम गेले असते तर पोर तापानं फनफनली असती. आधीच्या घरी झालंय तसं, त्या लोकांनी मला एका सांजंला काढलं, पोरगं आठ दिस दवाखान्यात व्हतं. तुमी महिना दिला म्हून करता आलं. थोडं थोडं सोडवलं तिला. अन मला बी."

मी म्हटलं, मग आता परत या, तिला किती आनंद होईल.

"व्हईल की. पुन्यांदा लागंल ती मला. मंग साळंत घालाल, तवा पुन्यांदा सोडवाया लागंल." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "रोज तिला गॅलरीत बघते मी. त्या बाळाला घिऊन मागच्या रस्त्यानं जाते, तिनं हाक मारू नये म्हून. येका लेकराचं दोनदा नाय व्हनार ताई माझ्याच्यानं. मला माफी करा."

त्याच मला माफ करा म्हणाल्या. मी तिथेच बसून राहिले. त्या फाट्याकडे चालत गेल्या.

गुरुवार, ८ जानेवारी

एजन्सीकडे चौकशी केली. सकाळी साडेसहाला येणारी कुणी नाही, चोवीस तास राहणारी बाई मात्र मिळते. फॉर्मवर अटी छापलेल्या आहेत, महिन्याला दोन सुट्ट्या, दोन वेळचं जेवण आणि झोपायला स्वतंत्र जागा. अटी रास्तच आहेत. मीच तशा लिहिल्या असत्या. फक्त घरात आता जागा नाही.

रविवार, ११ जानेवारी

दुपारी अम्मी झोपल्या आहेत असं समजून आवेज आणि मी स्वयंपाकघरात बोलत होतो. बाईला कुठे झोपवायचं. तो म्हणाला, अम्मींना हॉलमध्ये देऊ. मी म्हटलं, हॉलमध्ये टीव्ही, तुझी रात्रीअपरात्रीची ये-जा, त्यांची नमाज कुठे व्हायची? तो म्हणाला, मग? मी म्हटलं, मग काय. मागे वळले तर अम्मी दारात, चौकटीला धरून.

त्यांनी आवेजला दूध आणायला पाठवलं. तो लगेच गेला. पळून जायला मिळालं की तो कधी उशीर करत नाही.

मला म्हणाल्या, "मालनला तू किती दिवस दिले होतेस?"

"महिना."

"चांगलं केलंस. कुणालाच अचानक सांगू नये." चाचपडत त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. "मलाही महिना दे. रमजान लागायच्या आत जाईन मी. तोवर झेबाला माझी सवय लागणार नाही, एवढं बघते."

मला म्हणायचं होतं, अम्मी, तुम्ही कुठेही जायचं नाही, हे तुमचं घर आहे. वाक्य तयार होतं. पण त्याच वेळी डोक्यात दुसरंच चाललं होतं, एजन्सीला फेब्रुवारीची कोणती तारीख कळवायची. तेवढा महिना आवेजच्या शिफ्टवर आणि माझ्या उरलेल्या रजेवर निघेल का. माझी मलाच इतकी लाज वाटली की रडू आलं. अम्मींनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो थरथरत होता, तरी त्यांनी तो बराच वेळ तिथेच ठेवला.

मग मी डोळे पुसले आणि विचारलं, "दहा तारीख चालेल?"

त्या "हां" म्हणाल्या. कुठे जाणार, हे मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.